गतिरोधक, मोटारगाडीचे : चकती, घर्षणपट्टी व द्रव

धावत्या मोटारगाडीच्या गतिज ऊर्जेचे घर्षणाच्या साहाय्याने उष्णतेत रूपांतर करून गाडीचा वेग कमी करणाऱ्या किंवा ती थांबविणाऱ्या यंत्रणेस गतिरोधक म्हणतात. व्यवहारात ब्रेक हाच शब्द रूढ आहे. सध्याच्या बहुतेक मोटारगाड्यांच्या निदान पुढील चाकांवर चकती-गतिरोधक असतात. त्यांचे तीन मुख्य घटक म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती, तिच्या दोन्ही बाजूंवर दाबल्या जाणाऱ्या घर्षणपट्ट्या आणि चालकाच्या पायाचा दाब त्या पट्ट्यांपर्यंत पोहोचविणारा द्रव हे होत. गॅरेजांत त्यांना अनुक्रमे डिस्क, पॅड व ब्रेक ऑइल म्हणतात. मात्र यांपैकी शेवटचे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण हा द्रव सामान्यतः तेल नसतो. या तीन घटकांचा विकास वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या लोकांच्या हातून झाला असला, तरी त्यामागील प्रश्न एकच होता व तो म्हणजे निर्माण झालेल्या उष्णतेची विल्हेवाट कशी लावावयाची. एका घटकात सुधारणा झाली की, दुसऱ्यातील उणीव उघडी पडते, असा या इतिहासाचा सर्वसाधारण क्रम आहे. नित्य वापराच्या गाडीचे गतिरोधक बदलू इच्छिणाऱ्यालाही त्याच क्रमाचा अनुभव येतो.

उष्णतेचे प्रमाण : गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किमी. वेगाने जाणाऱ्या १,२०० किग्रॅ. वस्तुमानाच्या गाडीत सु. ४६० किलोजूल ऊर्जा असते. ताशी ५० किमी. वेगास ती याच्या एक-चतुर्थांश असते. गाडी थांबताना तिचा भार पुढे सरकतो व त्यामुळे सु. तीन-चतुर्थांश काम पुढील चाकांना करावे लागते, असे धरल्यास पुढील प्रत्येक चकतीच्या वाट्यास सु. १७० किलोजूल उष्णता येते. चकती ६ किग्रॅ. वजनाची असेल, तर एकदा थांबण्याने तिचे तापमान सु. ६०° से. ने वाढते व ही वाढ निर्धोक असते. परंतु हीच गाडी ५०० मी. उंचीचा घाट केवळ ब्रेकच्या बळावर उतरली, तर सु. ५,९०० किलोजूल ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करावे लागते. म्हणजे ताशी १०० किमी. वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतका भार एकाच उताराने पडतो. गतिरोधकाची खरी कसोटी एका थांब्यात नसून अशा वारंवार किंवा दीर्घकाळ चालणाऱ्या रोधनात असते.

प्रारंभीचे प्रयत्न : कार्ल बेंझ यांनी १८८६ साली एकस्व घेतलेल्या तीन चाकी गाडीचे गतिरोधक घोडागाडीच्या परंपरेतील होते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बेर्टा बेंझ यांनी दोन मुलांसह मॅनहाइम ते फोर्त्सहाइम असा सु. १०० किमी. चा प्रवास याच प्रकारच्या गाडीने केला. उतारांवर रोधक ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतील चांभाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. मोटारगाडीच्या गतिरोधकाला अस्तर लावल्याचे हे पहिले उदाहरण मानतात.

इंग्लंडमधील डर्बिशर परगण्याच्या डोंगराळ भागात गाडीवान लाकडी ठोकळ्यांवर जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात, असे हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिले व त्यावरून १८९७ च्या सुमारास त्यांनी अस्तरांसाठी खास पदार्थ तयार करण्यास आरंभ केला. त्यांच्या मालाचे फेरोडो हे नाव त्यांच्या आडनावातील अक्षरे व पत्नी एलिझाबेथ यांच्या नावाचे आद्याक्षर यांच्या जुळणीतून तयार झाले. प्रारंभीची अस्तरे कापडी पट्ट्यांना राळेसारखे पदार्थ पाजून केलेली असत. वेग वाढू लागले, तशी ती करपू लागली.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ साली चकती-गतिरोधकाचे एकस्व मिळविले. चाकाशी जोडलेली पातळ धातूची चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणे हे आजच्या गतिरोधकाचे तत्त्व त्यात पूर्णपणे आले होते. तथापि पकडीला लावलेली तांब्याची अस्तरे कर्कश आवाज करीत आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजत. उत्तम कल्पना हाती होती. पण तिला साजेसा घर्षणपदार्थ उपलब्ध नव्हता. म्हणून ती सु. पन्नास वर्षे मागे पडली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रनॉल्ट यांनी ड्रम-गतिरोधक प्रचारात आणला. यात चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आतील पृष्ठावर अर्धचंद्राकृती बूट बाहेरच्या दिशेने दाबले जातात. ड्रमची गतीच पुढील बुटाला अधिक घट्ट ओढून घेते, त्यामुळे पायाचा थोडा जोरही पुरतो व धुळीपासून संरक्षणही मिळते. या दोन गुणांमुळे पुढील अर्धशतकात ड्रमचेच वर्चस्व राहिले.

द्रवीय यंत्रणा : पहिली अनेक वर्षे बहुतेक गाड्यांच्या फक्त मागील चाकांना गतिरोधक असत व ते सळया किंवा तारदोर यांनी ओढले जात. चारही चाकांवर गतिरोधक बसविताना सर्व दोर सारख्या ताणाचे राखणे कठीण होई. एक दोर सैल पडल्यास गाडी एका बाजूस खेचली जाई. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्काल यांच्या नियमाचा उपयोग करून माल्कम लॉकहीड यांनी यावर उपाय काढला. त्यांचे १९१७ चे एकस्व चारचाकी द्रवीय गतिरोधकाचा पाया मानले जाते. १९२१ साली अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग गाडीत आणि १९२४ साली त्याहून पुष्कळ स्वस्त अशा क्रायस्लर गाडीत ही यंत्रणा आली. फोर्ड कंपनीने मात्र ती १९३९ सालच्या गाड्यांपासून स्वीकारली.

प्रारंभी मद्यार्क व एरंडेल तेल यांसारखी मिश्रणे द्रव म्हणून वापरीत. ड्रम-गतिरोधकात द्रव तप्त पृष्ठापासून काहीसा दूर असल्याने त्याचा कमी उकळबिंदू फारसा जाणवत नसे. सर्व चाके एकाच द्रवमार्गावर असल्यामुळे एक नळी फुटली की, संपूर्ण यंत्रणा निकामी होई, हा दोष अधिक गंभीर होता. अमेरिकेत १९६७ सालच्या गाड्यांपासून दोन स्वतंत्र द्रवमार्गांची पद्धत सार्वत्रिक झाली.

चकतीचे पुनरागमन : दीर्घ उतारावर ड्रम तापून प्रसरण पावतो व बुटांपासून दूर जातो, शिवाय उष्णता आतच कोंडून राहते. अस्तर तापल्यावर घर्षणगुणांक घटतो आणि चालकाने पूर्ण जोर लावूनही गाडी आवरत नाही. या क्षीणतेला व्यवहारात फेड म्हणतात. चकती उघड्या हवेत फिरते. तापल्यावर ती जाडीत वाढते, म्हणजे पट्ट्यांपासून दूर न जाता त्यांच्याकडेच सरकते. चकतीत ड्रमसारखी स्वतःहून ओढून घेण्याची क्रिया नसल्याने दाब अधिक लागतो. परंतु द्रवीय यंत्रणा व पुढे निर्वात-साहाय्यक यांमुळे ही अडचण दूर झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांसाठी चकती-गतिरोधकांचा विकास झाला व त्या अनुभवाच्या आधारे डनलॉप कंपनीने जॅग्वार कंपनीच्या सहकार्याने मोटारगाडीसाठी प्रयोग केले. या चाचण्यांत द्रव उकळण्याची अडचण आढळून आली. चकतीने उष्णतेचा एक प्रश्न सोडविला. पण दट्ट्या तप्त पट्टीला टेकलेला असल्यामुळे तीच उष्णता द्रवापर्यंत पोहोचली. १९५२ साली ऱ्हँस येथील शर्यत स्टर्लिंग मॉस यांनी चकती-गतिरोधक असलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वारने ताशी सु. १७० किमी. सरासरी वेगाने विजय मिळविला. या शर्यतीत सरासरी वेगाने ताशी १०० मैलांची मर्यादा ओलांडण्याची ही पहिलीच वेळ होती. सरळ मार्गाच्या अखेरीस इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावता येणे, हा या गाडीचा मोठा लाभ होता.

त्याच मार्गावर ११ जून १९५५ रोजी मोटारशर्यतींच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात झाला. माइक हॉथॉर्न यांनी आपली जॅग्वार इंधनस्थानाकडे वळविण्यासाठी जोराने रोधली. मागून येणाऱ्या लान्स मॅकलिन यांनी तिला चुकविण्यासाठी आपली ऑस्टिन-हीली गाडी डावीकडे घेतली व अतिवेगाने येणारी पिएर लव्हेग यांची मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांच्या बाजूच्या बांधावर कोसळली. ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पहिल्या दोन गाड्यांना चकती-गतिरोधक होते, तर मर्सिडीजला ड्रम व त्यांच्या मदतीला उघडणारी हवारोधी झडप होती. अपघाताची कारणे अनेक होती. अरुंद मार्ग व प्रेक्षकांच्या संरक्षणाचा अभाव ही त्यांतील प्रमुख होत. तथापि निरनिराळ्या रोधनक्षमतेची वाहने एकाच मार्गावर धावताना एकाची सुधारणा दुसऱ्याला धोक्याची ठरू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

सामान्य गाड्यांत चकतीचा प्रवेश त्याच सुमारास झाला. १९५५ ची सिट्रोएन डीएस व १९५६ ची ट्रायम्फ टीआर ३ यांच्या पुढील चाकांवर चकती-गतिरोधक होते. पुढे दोन पृष्ठांमध्ये हवेसाठी पोकळ मार्ग ठेवलेली वातायित चकती प्रचारात आली. चकती फिरताना हवा आतून बाहेर फेकली जाते व चकती लवकर थंड होते. चकतीसाठी करडे बीड हेच द्रव्य आजही बहुधा वापरतात, कारण ते स्वस्त असून उष्णता चांगली वाहून नेते आणि त्यातील ग्रॅफाइटामुळे कंपने शमतात.

घर्षणपट्टी व ॲस्बेस्टस : फ्रूड यांनी १९०८ साली अस्तरांत ॲस्बेस्टसाचा वापर सुरू केला. हा तंतुमय खनिज पदार्थ उष्णतेने जळत नाही, विणता येतो व स्वस्त असतो, त्यामुळे सु. सत्तर वर्षे तो गतिरोधकांचा मुख्य आधार राहिला. रस्त्यावरील सुरक्षिततेत त्याने मोठी भर घातली, पण त्याची किंमत कारखान्यांतील व गॅरेजांतील कामगारांनी मोजली. ॲस्बेस्टसाच्या धुळीने फुप्फुसे निबर होतात, हे ब्रिटनमध्ये १९२४ साली एका कापडगिरणी कामगार स्त्रीच्या मृत्यूनंतर वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. १९३० च्या शासकीय अहवालाने ते सिद्ध केले व १९३१ साली तेथे कारखान्यांसाठी नियम झाले. मात्र झिजलेल्या अस्तरांची धूळ दाबाच्या हवेने उडवून ड्रम साफ करण्याची गॅरेजांतील पद्धत त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिली. भारतात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टस कामगारांच्या आरोग्याचा हक्क जीविताच्या हक्कातच समाविष्ट असल्याचा निर्णय दिला. ब्रिटनने १९९९ साली या पदार्थावर बंदी घातली; युरोपीय संघात ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. अमेरिकेत १९८९ चा बंदी आदेश न्यायालयाने १९९१ मध्ये बव्हंशी रद्द केला व तेथे गतिरोधकांतील ॲस्बेस्टसावर बंदी घालणारा नियम २०२४ साली झाला.

ॲस्बेस्टसाच्या जागी पोलादी तंतू व लोहचूर्ण असलेल्या अर्धधात्विक, ॲरामिड तंतूंच्या कार्बनी व सिरॅमिक तंतूंच्या पट्ट्या आल्या. अर्धधात्विक पट्ट्या अधिक उष्णता सोसतात; पण त्या आवाज करतात व चकती अधिक झिजवितात. सिरॅमिक पट्ट्या शांत असतात व त्यांची धूळ कमी दिसते. उष्णता वाहून नेण्यासाठी घातलेले तांबे रस्त्यावरून ओढ्यांत जाऊन माशांना अपायकारक ठरते, असे आढळल्यावर कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या अमेरिकन राज्यांनी २०१० साली तांब्याचे प्रमाण क्रमाने घटविणारे कायदे केले. युरोपीय संघाने २०२४ साली संमत केलेल्या नियमांत गतिरोधकांतून निघणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली.

रोधकद्रव व आर्द्रता : चकती-गतिरोधकांच्या प्रसारामुळे उच्च उकळबिंदूच्या द्रवाची निकड भासू लागली व ग्लायकॉल-ईथर वर्गातील द्रव प्रचारात आले. अमेरिकन परिवहन खात्याच्या मानकानुसार त्यांचे डॉट ३, डॉट ४ व डॉट ५·१ असे वर्ग करतात. कोऱ्या द्रवाचा उकळबिंदू अनुक्रमे निदान २०५° से., २३०° से. व २६०° से. असावा लागतो. हे द्रव आर्द्रताशोषी असतात. टाकीच्या झाकणातून व रबरी नळ्यांतून हवेतील बाष्प त्यांत हळूहळू मुरते. सु. ३·७% पाणी शोषल्यावर हेच किमान उकळबिंदू १४०° से., १५५° से. व १८०° से. इतके खाली येतात. डॉट ५ हा सिलिकोनयुक्त द्रव पाणी शोषत नाही. पण तो वरील द्रवांत मिसळता येत नाही व नावातील साम्यामुळे डॉट ५·१ शी त्याची गल्लत होण्याचा संभव असतो. खनिज तेल चुकून ओतल्यास रबरी वाट्या फुगून यंत्रणा निकामी होते.

द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. द्रव उकळून नळीत बुडबुडे झाले की, पायपट्टी कोणताही विरोध न करता तळाशी जाते. चकती व पट्ट्या कितीही उत्तम असल्या, तरी या क्षणी त्यांचा उपयोग होत नाही. काही वेळाने द्रव थंड होऊन पायपट्टी पूर्ववत कठीण लागते. त्यामुळे अपघातानंतरच्या तपासणीत दोष सापडत नाही व चालकाचे म्हणणे खरे मानले जात नाही. कोकणातील व घाटमाथ्यावरील दीर्घ पावसाळा आणि त्याच प्रदेशातील बोरघाट, आंबोली व आंबेनळी यांसारखे लांब उतार यांमुळे महाराष्ट्रात या दोषाकडे विशेष लक्ष देणे आवश्यक ठरते. द्रव सामान्यतः दोन वर्षांनी बदलावा, असे पुष्कळ उत्पादक सुचवितात. द्रव बदलणे हा सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा उपाय आहे. खालच्या गिअरमध्ये उतरून एंजिनाचा विरोध वापरण्याची जुन्या चालकांची रीतही उष्णतेच्या दृष्टीने पूर्णपणे शास्त्रीय आहे.

नित्य वापराच्या गाडीतील सुधारणा : शर्यतीच्या गाडीतील भाग नेहमीच्या गाडीला बसविण्याची हौस १९५० नंतर वाढली व त्यासाठी स्वतंत्र व्यवसाय उदयास आला. या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. गतिरोधक चाक थांबवितो; गाडीला थांबविते ते टायर व रस्ता यांमधील घर्षण. मूळचे गतिरोधक जर चाके जखडण्याइतके समर्थ असतील, तर मोठ्या चकतीने एका थांब्याचे अंतर सहसा कमी होत नाही. झिजलेले टायर बदलण्याने ते होऊ शकते. मोठी किंवा जड चकती अधिक उष्णता साठविते, म्हणून तिचा लाभ वारंवार रोधनात दिसतो. उलट फक्त पुढील चकत्या मोठ्या केल्यास पुढील व मागील चाकांमधील रोधनाचा तोल ढळतो व मागील गतिरोधकांचे बळ पुरते वापरले जात नाही.

छिद्रे पाडलेल्या चकत्या आकर्षक दिसतात. प्रारंभीच्या पट्ट्यांतून तापल्यावर निघणारा वायू बाहेर जाण्यास छिद्रांचा उपयोग होई. आधुनिक पट्ट्यांत ही गरज बरीच कमी झाली आहे व छिद्रांच्या कडांपासून तडे जाण्याची शक्यता मात्र राहते. नित्य वापरास साधी वातायित चकती पुरेशी ठरते. शर्यतीच्या पट्ट्यांचा घर्षणगुणांक उच्च तापमानास चांगला असतो. थंड असताना तो पुष्कळदा कमी असतो. सकाळी घरातून निघालेल्या गाडीला पहिल्याच चौकात थांबावे लागते, तेव्हा अशी पट्टी मूळ पट्टीहून निकृष्ट ठरते. हे ओळखूनच संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या ९० क्रमांकाच्या नियमाने बदली पट्ट्यांची कार्यक्षमता मूळ पट्टीच्या अधिकउणे १५% मर्यादेत असावी, असे बंधन घातले. अतिरिक्त घर्षण हाही येथे दोष मानला आहे, हे लक्षणीय होय.

भाग बदलताना तुंब्याचा पृष्ठभाग गंजरहित करणे, चकतीवर कोरलेल्या किमान जाडीखाली ती न वापरणे आणि नव्या पट्ट्या मध्यम रोधनाने क्रमाने तापवून चकतीवर त्यांचा सारखा थर बसू देणे आवश्यक असते. चकती वाकडी झाली, अशी तक्रार ज्या थरथरीवरून केली जाते, तिचे कारण पुष्कळदा हा थर असमान बसणे किंवा चकतीच्या जाडीत सूक्ष्म फरक पडणे हे असते. भारतात गतिरोधकांविषयीच्या अपेक्षा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिलेल्या असून वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांत पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था प्रमुख आहे. चाके जखडू न देणारी यंत्रणा २०१९ च्या एप्रिलपासून देशातील सर्व नव्या मोटारगाड्यांत सक्तीची झाली. ही यंत्रणा मूळच्या चकत्या व पट्ट्या गृहीत धरून जुळविलेली असल्यामुळे त्यांत मोठा बदल करताना तिचाही विचार करावा लागतो.

बेर्टा बेंझ यांनी बसवून घेतलेल्या चामड्यापासून आजच्या सिरॅमिक पट्टीपर्यंत गतिरोधकाची क्षमता नेहमी त्याच्या सर्वांत दुर्बळ घटकाने ठरविली आहे. लँचेस्टर यांची चकती पट्टीअभावी अडली, डनलॉपची चकती द्रवापाशी अडली आणि ॲस्बेस्टसाची पट्टी कामगाराच्या फुप्फुसापाशी. म्हणून नित्य वापराच्या गाडीत प्रथम द्रव व टायर, नंतर मूळ प्रतीच्या पट्ट्या व चकत्या आणि खरोखर गरज असेल तरच मोठे भाग, हा क्रम तांत्रिक दृष्ट्या योग्य ठरतो.